सुई नाही, बाटली नाही, मग डॉक्टर कशाला?

वाचकहो, नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून बसलेल्या डॉक्टरला दिवसातून सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न ऐकावा लागत असेल? "मला काय झाले?" हा नव्हे. "बरा कधी होईन?" हाही नव्हे. तपासून झालेले असते, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडलेली असते, पेशंट दारापर्यंत गेलेला असतो. तेथून तो मागे वळतो आणि विचारतो, "डॉक्टर, सुई नाही मारली?" बाजाराच्या दिवशी तर हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येतो. खेड्यावरून भाडे खर्चून आलेला माणूस नुसत्या कागदावर समाधान कसे मानणार?

मी या गावात पस्तीस वर्षांहून अधिक काळ प्रॅक्टिस करतो आहे. या काळात वैद्यकीय धंद्यात काय बदलले, असे कोणी विचारले की लोकांच्या डोळ्यांपुढे सोनोग्राफी, सीटी स्कॅन, मालेगाव-नाशिकची मोठमोठी हॉस्पिटले येतात. तो बदल झाला हे खरेच. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल अगदी गुपचूप झाला. उपचार डॉक्टरच्या टेबलावरून उठला आणि पेशंटच्या घरी राहायला गेला. पूर्वी ज्या दुखण्यासाठी माणसाला खाटेवर झोपवून काहीतरी टोचावे, चढवावे लागे, त्यातली कितीतरी दुखणी आज आई, शेजारीण, आशाताई यांच्या हातून बरी होतात. आणि हा बदल स्वस्तातली तडजोड म्हणून झालेला नाही, तर नीट पडताळून, मोजून झालेला आहे. अडचण एवढीच, की आपल्या मनाने तो अजून मान्य केलेला नाही. त्या अमान्यतेची किंमत कधी पैशात मोजावी लागते, तर कधी जिवाने.

बाटलीत असते तरी काय?

उन्हाळा सरता सरता आणि पहिल्या पावसात आपल्याकडे जुलाब-उलट्यांची लाट येते. आपला तालुका पाण्याला पारखा. मनमाडकरांनी तर नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येण्याचा काळ वर्षानुवर्षे काढलेला आहे. पाणी साठवायचे म्हटले की पिंप, टाकी, हंडा आला, आणि त्यात बुडणारे हात आले. मग जुलाब कसे चुकतील?

अशाच एका जूनमध्ये न्यायडोंगरीकडच्या एका वस्तीवरून एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आली. पोराला रात्रीपासून दहा-बारा जुलाब झालेले. डोळे थोडे आत गेलेले, तोंड कोरडे, पण पोर जागे होते आणि पाण्याची वाटी दिसताच दोन्ही हातांनी ओढत होते. मी मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी फोडायला सांगितली. आजी म्हणाली, "डाक्टर, लेकराला बाटली लावा. पैसे आणलेत आम्ही."

या "पैसे आणलेत"मध्ये सारे आले. पुडी ही गरिबाची आणि बाटली ही पैसेवाल्याची, असा तिचा समज होता. मी तिला ओसरीवर बसवले, वाटी-चमचा दिला आणि मिनिटा-दोन मिनिटांनी एक-एक चमचा पाजायला सांगितले. पोराने एकदा सगळे ओकून टाकले. आजीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी तिच्या नातवाच्या जिवाशी खेळतो आहे. दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा सुरू केला. दुपारी तीनच्या सुमारास पोराने आजीच्या लुगड्यावर लघवी केली. डॉक्टरला त्या लघवीचा किती आनंद होतो, हे डॉक्टर झाल्याशिवाय कळायचे नाही!

आता त्या बाटलीचा हिशेब करू. सलाईन म्हणजे खरे तर खारट पाणी. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे सपाट चमच्यापेक्षाही थोडे कमीच. दुसरी बाटली ग्लुकोजची, पाच टक्क्यांची. तिच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. अंगात ताकद यावी म्हणून जो माणूस तासभर आडवा पडून ही बाटली चढवून घेतो, त्याला दोन कप गोड चहाइतकीही ताकद मिळत नाही. अशक्तपणावर भाकरी, डाळ, अंडे, शेंगदाणे हाच उपाय, आणि अशक्तपणाचे कारण रक्तक्षय किंवा साखरेचा आजार असेल तर त्याची तपासणी. बाटली लावल्यावर तरतरी वाटते ती विश्रांतीची, आणि आपली कोणीतरी काळजी घेते आहे या जाणिवेची. ती जाणीव मी कमी लेखत नाही. पण ती शिरेतूनच द्यावी लागते असे थोडेच आहे?

मग पोटात घेतलेले पाणी जुलाबात वाहूनच जाणार नाही का, हा आजीचा प्रश्न रास्त होता. नुसते पाणी बरेचसे वाहून जातेच. पण आतड्याच्या अस्तराला एक खोड आहे. मीठ आणि साखर जोडीने आली की ते दोघांना आत ओढून घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत शिरते. जुलाब कितीही चालू असोत, हे दार बहुधा उघडे राहते. १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांना हे उलगडले. त्याची मोठी कसोटी लागली ती मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर निर्वासितांच्या छावणीत.

बनगावचा चिखल

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये लोटले होते. सरहद्दीवरच्या बनगाव येथे पटकीची साथ भडकली. डॉ. दिलीप महालनबीस हे कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ तेथे पोहोचले तेव्हा इस्पितळाच्या खोल्यांत जमिनीवर माणसे पडलेली, सगळीकडे जुलाब-उलट्यांची घाण, आणि सलाईनचा साठा संपत आलेला. पटकीवर तेव्हा शिरेतले सलाईन हाच उपाय मानत. महालनबीसांनी कलकत्त्याहून मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून मागवल्या, पिंपांत पाणी भरून त्यात मिसळल्या आणि ते पाणी आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. पाजा, म्हणाले, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत साडेतीन टक्क्यांच्या घरात आले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने क्षार-साखरेच्या पाण्याचा हा शोध शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा शब्दांत गौरवला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये मिळाले. असो.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते पाणी पाजणारे हात. ते हात डॉक्टरांचे नव्हते, नर्सचेही नव्हते. पुढे १९८०च्या दशकात बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या बायांना चुलीजवळ बसून शिकवले. त्यांचे मानधन ठरे ते शिकवलेल्या बाईच्या ध्यानात किती राहिले यावर! आपल्याकडच्या किती प्रशिक्षणांना ही अट लावता येईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता वाचकांच्या कामाच्या चार गोष्टी. पुडी फोडण्यापूर्वी ती किती पाण्याची आहे हे वाचा. एक लिटरची पुडी एका ग्लासात कालवली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शीग लावून भरू नयेत. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये, जेवणही तोडू नये. जोडीला झिंकची गोळी चौदा दिवस द्यावी: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दहा. जुलाब थांबले म्हणून ती चौथ्या दिवशी बंद होते असा अनुभव आहे, तसे करू नये. आणि दुकानात चौकोनी खोक्यात मिळणारी गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हेत. त्यांत साखर फार असते आणि जुलाब वाढू शकतात. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे फार बरे झाले.

बाटली कधीच नको असे मात्र मी म्हणत नाही. बाळ मलूल पडले, हाक मारून डोळे उघडत नाही, पाणी गिळत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, किंवा शौचातून रक्त पडते, तर घरी चमचा घेऊन बसायचे नाही. १०८ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे, आणि वाटेत जमेल तेवढे पाजत राहायचे. तेथे सलाईन हे अमृतच आहे.

सुईचे माहात्म्य

सुईचे वेड कोठून आले? माझ्या मते ते डॉक्टरांनी आणि पेशंटांनी मिळून जोपासले. जुन्या दवाखान्यात काचेची सिरिंज असे. स्टोव्हवर भांड्यात ती उकळत पडलेली, कंपाउंडर चिमट्याने उचलणार, स्पिरिटचा वास दरवळणार. त्या सोहळ्यातच अर्धे दुखणे पळे. पेनिसिलिनने मरणाच्या दारातली माणसे परत आणली होती, हेही लोकांनी पाहिले होते. तेव्हा सुईत गुण, हे समीकरण पक्के झाले. पुढे ताप, अंगदुखी, सर्दी, थकवा, सगळ्याला सुई. कोणाला तांबडी हवी, तर कोणाला "गेल्या वेळची ती जळजळणारी". त्यात व्यवहारही आहे. नुसता सल्ला दिला तर फी देताना पेशंटचा हात आखडतो, सुई टोचली की तोच हात मोकळा होतो. डॉक्टरही माणूसच आहे.

पण तापाची गोळी पोटात गेली की अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागते. सुईने वाचतात ती फार तर काही मिनिटे. त्या मिनिटांपायी काय पत्करावे लागते ते पाहा. या शतकाच्या आरंभी देशभर एक पाहणी झाली. तिचा अंदाज असा, की भारतात वर्षाला तीनशे कोटींच्या आसपास इंजेक्शने दिली जातात आणि त्यातली जवळजवळ दोन-तृतीयांश असुरक्षित असतात. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात एकदा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस-बी कावीळ पसरली आणि कित्येक माणसे दगावली. सरकारी लसीकरणात २००५ नंतर एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या. खासगीत टोचून घेताना मात्र पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फुटते की नाही, हे आपणच पाहायचे. यात डॉक्टरचा अपमान नाही. मी स्वतः पेशंटला पाकीट दाखवूनच फोडतो.

एक जुनी गोष्टही सांगतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, एका पायाने अधू असलेली माणसे आपल्या गावात आजही दिसतात. त्यांच्या घरी विचारा, कित्येक ठिकाणी एकच हकिकत ऐकू येईल: "लहानपणी ताप आला, सुई मारली आणि पाय गेला." डॉक्टर मंडळी ही अडाणी समजूत म्हणून हसण्यावारी नेत. पण तीत तथ्य होते. पाय जातो तो पोलिओच्या विषाणूने, हे खरे. मात्र तो विषाणू अंगात असलेल्या दिवसांत खुब्यात इंजेक्शन टोचले, तर त्याच पायाला लुळेपणा येण्याची शक्यता वाढते. साध्या तापासाठी गोळी देऊन भागले असते, तर यातले काही पाय वाचले असते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो, म्हणून आता हे भय उरले नाही. पण गावातल्या आयाबाया जे पाहून सांगत होत्या, ते ऐकून घ्यायला शास्त्राला फार वेळ लागला, हे मला नोंदवून ठेवावेसे वाटते.

सुई हवी तेथे हवीच. लसी, धनुर्वात, कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस, साप चावल्यावरचे औषध, इन्सुलिन, गंभीर जंतुसंसर्ग, किंवा पेशंट गिळू शकत नाही अशी अवस्था. यातली एकही टाळू नका.

सॅनेटोरियमचे दार बंद झाले ते मद्रासमुळे

घरी उपचार म्हणजे दुय्यम उपचार, ही समजूत एकदा फार मोठ्या आजाराच्या बाबतीत पारखून पाहिली गेली. तो आजार म्हणजे क्षय, आपला टीबी. आमच्या आधीच्या पिढीत टीबी झाला म्हणजे माणूस घरातून उठला. ऐपत असेल तर मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, पुण्याजवळ औंधला, नाहीतर मुंबईत शिवडीला. स्वच्छ हवा, दूध-अंडी, महिनोन्महिने विश्रांती. खाटा थोड्या, रोगी लाखो. ज्यांना खाट मिळाली नाही त्यांचे काय, हा प्रश्न होता.

१९५६ मध्ये मद्रासला एक धाडसी प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले १९३ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियम, दुसऱ्या गटाला त्यांच्याच एका खोलीच्या, दाटीवाटीच्या घरात ठेवून तीच औषधे. घरच्यांना ना धड खायला होते ना विश्रांती, पोटासाठी कामही करावे लागे. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. घरातल्या इतरांना जास्त प्रमाणात लागण होईल ही भीतीही खोटी ठरली. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काही दशकांत जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू बंद पडत गेली. आपल्या देशातल्या एका चाळीवजा वस्तीने जगाची रीत बदलली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण या प्रयोगातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. घरच्या रोग्यांना औषध देऊन वाऱ्यावर सोडलेले नव्हते. कर्मचारी अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. घरचा उपचार सॅनेटोरियमच्या तोडीस तोड ठरला, तो या राखणीमुळे. राखण नसलेला घरचा उपचार म्हणजे नुसती औषधाची पिशवी, आणि त्याचे फळ पुढे आपण भोगलेही. गावागावांतले रोगी दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली की औषध सोडत. अर्धवट मेलेले जंतू दुप्पट हट्टी होऊन परतत.

म्हणून १९९७ पासून 'डॉट्स' आले, समोर बसवून गोळी गिळायला लावणे. आरंभी आठवड्यातून तीन दिवस, २०१७ पासून रोज. गोळी देणारी कोण? अंगणवाडीताई, आशा, कधी किराणा दुकानदार. रोग्याच्या नावाची पेटी त्यांच्याकडे असे. मी एका दुकानदाराला ओळखतो. तो उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर आपल्या टीबीच्या पेशंटाच्या गोळ्यांची खूण करी. "साहेब, उधारी बुडाली तर चालेल, ही खूण चुकता कामा नये," असे म्हणे. या माणसाला वैद्यक शिकवलेले नव्हते. पण त्या पेशंटाचा खरा डॉक्टर तोच, असे मी मानतो.

पोटाचा प्रश्न मात्र मद्रासने सुटला नाही, तो मागे पडला. गोळ्यांनी जंतू मरतात, पण उपाशी घरात तो पुन्हा शिरतो. झारखंडमध्ये टीबीच्या रोग्यांच्या घरी धान्य-डाळीचा शिधा देऊन एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: शिधा मिळालेल्या घरांतल्या माणसांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. सरकार २०१८ पासून रोग्याला आहारासाठी महिन्याला पाचशे रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हे पैसे बँक खात्यात येतात. खात्याचा घोळ असेल तर लाजू नका, आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, तुमच्या हक्काचे आहेत.

तीच सुई, वेगळा हात

मी सुईच्या विरुद्ध आहे असा कोणाचा ग्रह होऊ नये म्हणून गडचिरोलीची हकिकत सांगतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात तेथील ३९ गावांत नवजात बाळांची घरीच देखभाल सुरू केली. बाळ जन्मले की पहिला महिना धोक्याचा. दवाखाना कोसो दूर. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. त्या बाळाचे वजन करीत, श्वास मोजत, त्याला उबेत ठेवीत, आईला पाजायला शिकवीत. आणि बाळाला जंतुदोषाची लक्षणे दिसली, तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही स्वतः देत! मोठमोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. पण हजार बाळांमागे बासष्ट मृत्यू होत ते तीन वर्षांत पंचवीसच्या आसपास आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापले.

पाहा, शहरातल्या दवाखान्यात अंगदुखीला विनाकारण टोचली जाणारी सुई, आणि गडचिरोलीच्या झोपडीत एका सातवी-आठवी शिकलेल्या बाईने बाळाचे श्वास मोजून, ठरलेल्या मापाने दिलेली सुई. यातली शास्त्रशुद्ध कोणती?

याच कामातून २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती तुमच्या दारी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. सोवळे-ओवळे म्हणून तिला उंबऱ्याबाहेर उभे करणारी घरे अजून आहेत. तिला आत घ्या, बाळ उघडून दाखवा. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, रडणे क्षीण, यातले एकही चिन्ह तिने सांगितले तर त्याच तासाला निघा. सवाष्णीची ओटी भरायची राहिली तर पुढे भरता येते.

रक्तदाबाची चिठ्ठी

शेवटी आजच्या सर्वांत मोठ्या दुखण्याबद्दल थोडक्यात. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोडी. दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो आणि एके सकाळी तोंड वाकडे होऊन त्याला खाटेवर घालून आणतात. येथे ना सुई चालते ना बाटली, चालते ती रोजची एक लहानशी गोळी, बहुधा जन्मभर. २०१७च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे आरंभीच होते. त्यात नवे औषध काही नव्हते. सगळ्या केंद्रांवर एकाच ठरावीक क्रमाने गोळ्या, एका खेपेला महिनाभराच्या, पेशंटाच्या नावाचे कार्ड, आणि न आलेल्याला बोलावणे. मोठ्या दवाखान्यातली रांग टाळून गावाजवळच्या उपकेंद्रातच गोळी मिळू लागली की माणूस ती सोडत नाही, एवढी साधी गोष्ट.

आज उपकेंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, रक्तदाब-साखर मोजतात, गरज पडली तर फोनवरून मोठ्या डॉक्टरचा सल्ला मिळवून देतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तेथे जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्यावा. जाण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. एकदाच जास्त निघाला म्हणून घाबरू नका, पुन्हा मोजा. १४० आणि ९०च्या वर राहत असेल, तर मात्र सुरू झालेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. टोळीची गाडी सुटते, भांडीकुंडी भरली जातात, आणि गोळ्यांची पिशवी फडताळात राहून जाते. पाच-सहा महिन्यांनी माणूस परततो तेव्हा उपचार तुटलेला असतो. या वाचकांना माझे सांगणे आहे, की निघण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात जाऊन रक्तदाबाच्या आणि साखरेच्या जास्तीत जास्त गोळ्या मागून घ्या आणि कार्ड सोबत ठेवा. टीबीचा औषधोपचार चालू असेल तर आपला निक्षय क्रमांक कागदावर लिहून घ्या. तो दाखवला की कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही तेच औषध फुकट मिळते. अंगावर पिणारे मूल बरोबर असेल तर ओआरएसच्या पाच-सहा पुड्या आणि झिंकच्या गोळ्या आशाताईकडून घ्या, आणि कोपीवर पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे तेथली आशा कोण आणि दवाखाना कोठे, हे मुकादमाला विचारून ठेवा.